आयकिडो शिकताना आधी पडायला शिका: नव्याने येणाऱ्यांसाठी

आयकिडो ही जपानी युद्धकला. तिचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. कुणीतरी अंगावर धावून येतो आणि काळा घोळदार हाकामा, म्हणजे रुंद पायघोळ, घातलेला माणूस त्याला अलगद भिरकावून देतो. भिरकावला जाणारा माणूस मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिले कित्येक महिने तुम्हाला तोच माणूस व्हायचंय.

आयकिडोचा सराव जोडीने होतो. साधारणपणे चार वेळा एकाने तंत्र करायचं, चार वेळा दुसऱ्याने. तंत्र करणाऱ्याला ‘नागे’ म्हणतात, काही डोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या शाळांमध्ये, ‘तोरी’. हल्ला करून ते तंत्र अंगावर घेणारा तो ‘उके’. म्हणजे मॅटवरचा निम्मा वेळ तुम्ही उके असता. माझं स्पष्ट मत आहे की नवख्याने आपली मेहनत आधी या बाजूला लावावी. पडता यायला लागलं की भीती जाते, भीती गेली की अंग सैल राहतं आणि सैल अंगालाच समोरच्याचं तंत्र जाणवतं. ज्यांना पडायची भीती वाटत राहते ते पकडीतच आखडतात, आणि मग ना त्यांना शिकता येतं, ना जोडीदाराला.

नाव नोंदवण्याआधी एक वर्ग बघा

आयकिडोची सामुदायिक शाळा बहुधा एखाद्या सभागृहात किंवा व्यायामशाळेत भरते. वर्गाआधी सगळ्यांनी मिळून मॅट अंथरायच्या, संपल्यावर उचलून ठेवायच्या. शिकवणारे दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी शिकवायला येतात. वेगवेगळ्या तुकड्या करण्याइतके विद्यार्थी नसतात, त्यामुळे पहिल्या दिवसाचा विद्यार्थी आणि पंधरा वर्षं सराव केलेला एकाच मॅटवर असतात. हे मला या शाळांचं सगळ्यात मोठं बळ वाटतं, कारण नवख्याला पहिल्या दिवसापासून अनुभवी हात मिळतात.

पण हात कसे आहेत ते आधी बघून घ्या. फोन करा, वेळ विचारा आणि कडेला बसून एक अख्खा वर्ग पाहा. शिक्षकाचं कौशल्य तुम्हाला आत्ता ओळखता येणार नाही, त्या भानगडीत पडू नका. नजर ठेवा ती वर्गातल्या सगळ्यात नव्या माणसावर. त्याला पडायला कुणी शिकवतंय का, की थेट फेकाफेकीत ढकलून दिलंय? त्याने ‘दुखतंय, सोड’ या अर्थाची थाप मारली की जोडीदार त्याच क्षणी सोडतो का? वयस्कर किंवा कमी उंचीच्या माणसाबरोबर सराव करताना वरिष्ठ आपला जोर कमी करतात का? मनगटाला नाहीतर खांद्याला पट्टी बांधलेले बरेच जण दिसले, तर दुसरी शाळा शोधा. मुलांना घालायचं असेल, तर पालकांना वर्ग बघत बसू देतात का हे विचारा. जिथे नाही म्हणतात तिथे घालू नका.

फी महिन्याची की वर्गागणिक, एखाद्या संघटनेचं सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं का, दुखापतीचा विमा आहे का, पहिला वर्ग करून बघता येतो का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

शैलीचा प्रश्न

चौकशी करताना शैलींची नावं कानावर पडतील, म्हणून थोडा इतिहास. आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा, जन्म १८८३, जपानमधलं गाव तानाबे. १९१५ मध्ये होक्काइडोत त्यांची ताकेदा सोकाकू यांच्याशी गाठ पडली आणि त्यांच्याकडून ते दाइतो-र्‍यू ही जुजुत्सूची शैली शिकले. आयकिडोतली मनगटं आणि कोपरं वळवण्याची बरीचशी तंत्रं तिथून आली आहेत. १९३१ मध्ये त्यांनी टोकियोत कोबुकान डोजो उघडला. ‘आयकिडो’ हे नाव अधिकृतपणे रुळलं ते १९४२ पासून. १९६९ मध्ये उएशिबा वारले. त्यांचे शिष्य वेगवेगळ्या काळात त्यांच्याकडे शिकले होते आणि प्रत्येकाने आपापल्या काळातलं आयकिडो पुढे नेलं, म्हणून आज शाखा दिसतात.

आयकिकाई ही उएशिबा घराण्याची मूळ संस्था. १९९९ पासून मोरिहेईंचे नातू मोरितेरू तिचे प्रमुख, म्हणजे दोशू आहेत. गोझो शिओदा यांच्या योशिनकानमध्ये सुरुवातीला उभं राहण्याच्या आणि पाऊल टाकण्याच्या ठरीव हालचाली अगदी काटेकोरपणे घोटून घेतात. केंजी तोमिकी यांच्या शाखेत स्पर्धा असतात. बाकी बहुतेक ठिकाणी नसतात. कोइची तोहेई यांनी १९७४ मध्ये आयकिकाई सोडली. त्यांच्या शाखेत शरीर सैल आणि मन स्थिर ठेवण्याच्या व्यायामांवर भर आहे. जपानमधल्या इवामा इथे राहिलेल्या मोरिहिरो साइतो यांच्या परंपरेत घट्ट, स्थिर पकडीपासून सुरुवात होते आणि लाकडी शस्त्रं लवकर हातात येतात.

यातली ‘खरी’ कोणती, या वादात नवख्याने शिरू नये. घरापासून जवळ, वेळेत जमणारी आणि जिथे नव्या माणसाला जपतात ती शाळा घ्या. तासभर प्रवास करून जायची शाळा कितीही नावाजलेली असली तरी दुसऱ्या महिन्यात सुटते.

पहिल्या दिवशी काय घालायचं, काय काढायचं

गी, म्हणजे सरावाचा पोशाख, लगेच विकत घेऊ नका. पहिले काही आठवडे लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि गुडघे झाकणारी साधी पँट चालते. राहायचं ठरलं की ज्यूडोची गी घ्या. कराटेची पातळ असते आणि खांदा, कॉलर धरण्याच्या सरावात लवकर फाटते. गी घालताना डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे.

हातापायांची नखं कापा. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण मॅटवर रक्त निघण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण नखंच असतात. अंगठ्या, कानातलं, गळ्यातलं, घड्याळ काढून ठेवा. न निघणारी अंगठी असेल तर चिकटपट्टी गुंडाळा. केस बांधा. पाय धुवून या आणि मॅटच्या काठापर्यंत चपला घालून चाला, कारण त्याच मॅटवर थोड्या वेळाने कुणाचं तरी तोंड टेकणार असतं.

जुनं दुखणं असेल, विशेषतः मान, पाठ, खांदा किंवा गुडघा, तर ते वर्ग सुरू होण्याआधी सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना, सांगा. डॉक्टरांनाही विचारून घ्या. गुडघे दुखत असतील तर गुडघ्यांवर चालणं, म्हणजे शिक्को, आणि बसून करायची तंत्रं टाळून तोच सराव उभ्याने करता येतो. चांगल्या शाळेत याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मॅटवर वागायची रीत

मॅटवर येता-जाता वाकायचं. वर्गाच्या सुरुवातीला सगळे ओळीत सेइझात बसतात. ही बैठक आपल्या वज्रासनासारखीच. समोरच्या भिंतीवर बहुधा उएशिबांचा फोटो असतो, तिकडे वाकायचं, मग सेन्सेईंकडे. जोडीदाराला सुरुवातीला ‘ओनेगाइशिमास’ आणि शेवटी ‘दोमो आरिगातो गोझाइमाशिता’ म्हणायचं. पहिल्या दिवशी पाठ नसलं तर पुटपुटा, चालतं. हे वाकणं आदराचं आहे, पूजेचं नाही. तरी कुणाला त्यात अडचण वाटत असेल, तर सेन्सेईंशी आधी बोलावं.

उशीर झाला तर काठाशी बसून सेन्सेईंच्या खुणेची वाट पाहा. मधेच बाहेर जायचं झालं, पाणी प्यायलासुद्धा, तर सांगून जा. एखादा माणूस न सांगता मॅटवरून उठला तर तो घेरी येऊन उठला की काय, हे शिकवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

पडणं: मागे

आता मुख्य काम. पडण्याच्या कलेला ‘उकेमी’ म्हणतात. ती बसल्या जागेवरून शिकायची, उभ्याने नाही.

मॅटवर बसा. एक पाय आडवा दुमडून घ्या, दुसऱ्याचा गुडघा वर. हनुवटी छातीला लावा आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवा. ती गाठ दिसत राहिली तर डोकं मागे जात नाही, आणि मागे पडताना डोकं वाचवणं हे उकेमीचं पहिलं काम आहे. पाठ गोल करा, श्वास सोडा आणि मागे लोळा. लोळताना मणक्यावरून सरळ जायचं नाही, किंचित एका बाजूला, पाठीच्या मांसल भागावरून. हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यांनी मॅटवर थाप द्या आणि त्याच गतीने परत उठून बसा.

एक गोष्ट सारखी मनात घोका: हात मागे टेकायचा नाही. पडताना हात मागे टेकवणं ही जन्मजात सवय आहे आणि त्यात मनगट किंवा कोपर दुखावतं. ती सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून या हालचालीची घाई नको. बसून जमलं की उकिडवं बसून, मग उभं राहून. उभ्याने पडताना मागचा पाय दुमडत नितंब टाचेजवळ न्यायचे. जमिनीपर्यंतचं अंतर तुम्हीच कमी केलंत की पडायला उरतंच किती?

पडणं: पुढे

पुढची कोलांटी शाळेत शिकलेल्या कोलांटीपेक्षा वेगळी आहे. तिथे डोकं टेकून मणक्यावरून सरळ जायचं असतं. इथे डोकं मॅटला लागताच कामा नये. उजवीकडची घेऊ. डावा गुडघा टेका, उजवं पाऊल पुढे ठेवा. उजव्या हाताची करंगळीकडची कड मॅटवर ठेवा, बोटं स्वतःकडे वळलेली. कोपर बाहेरच्या बाजूला, हात कमानीसारखा गोल. आता डोकं डावीकडे वळवून डाव्या काखेकडे बघा आणि मागच्या पायाने हलकेच ढकला. अंग क्रमाने टेकतं: हाताची कड, कोपर, उजवा खांदा, मग पाठीवरून तिरकं उतरत डावा नितंब. डावा पाय दुमडलेला राहतो आणि उजव्या पावलावर तुम्ही उभे राहता.

खांद्याचं हाड मॅटवर आपटत असेल, तर हाताची कमान मोडते आहे. ती घट्ट करून उपयोग नाही. कोपर किंचित वाकलेलंच, पण जिवंत ठेवायचं. कमरेला ठणका बसत असेल तर तुम्ही तिरकं न जाता सरळ जाताय. पाठीवर तिरक्या रेषेत थोडंसं लाल झालं असेल, तर रेषा बरोबर आहे.

चक्कर येते. पहिल्या आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांनाच येते. चार-पाच कोलांट्या मारून थांबा, एका जागी नजर स्थिर करा, मग पुढच्या मारा. हवेतून जाणारी उंच उडी, जी बघून तुम्ही आलात, ती खूप पुढची गोष्ट आहे. कुणी पहिल्याच महिन्यात मारायला सांगितली तर नाही म्हणा.

उके म्हणून काय करायचं

उकेचं काम आधी हल्ला करण्याचं आहे. मनगट धरायचं तर खरोखर धरा, पोकळ नको. शोमेनउची, म्हणजे कपाळावर वरून येणारा वार, करायचा तर कपाळाच्या रेषेतच यायला हवा, जोडीदाराच्या खांद्याशेजारी नाही. वेग कमी चालेल, दिशा खोटी नको. दिशा खोटी असली तर समोरचा खोटंच शिकतो.

मग तंत्र सुरू झालं की तोल जाईल तिथे जा. आडमुठेपणाने जागच्या जागी रुतून बसू नका, आणि कुणी हात लावायच्या आधीच पडूही नका. नवखे हे दोन्ही करतात. पहिलं ताकद दाखवायला, दुसरं सौजन्य म्हणून, आणि दोन्हींत जोडीदाराला काही कळत नाही.

वेदना झाली, किंवा होईल असं वाटलं, तर मोकळ्या हाताने मॅटवर नाहीतर स्वतःच्या मांडीवर दोनदा थाप मारा. निक्यो या तंत्रात मनगट आत वळतं तेव्हा कळ अचानक येते. काहीच नाही, काहीच नाही, आणि एकदम गुडघे टेकतात. म्हणून थाप जरा आधीच मारायची. यात हार-जीत नाही. तुमच्या हाताखाली कुणी थाप मारली तर तंत्र पूर्ण करायचा मोह न धरता लगेच सोडा. शिहोनागे या तंत्रात हात खांद्यामागे दुमडून उके पाठीवर पडतो. तिथे हनुवटी आत घ्या, कोपर स्वतःच्या कानाजवळ राहू द्या आणि आपणहून खाली बसा.

एखादा जोडीदार सांगूनही जोरात करत असेल, तर वाकून नमस्कार करून बाजूला व्हा आणि सेन्सेईंना सांगा. पट्टा कोणत्याही रंगाचा असो. मनगट तुमचं आहे.

पाऊल आणि पहिलं तंत्र

उभं राहण्याची पद्धत ‘हानमी’: एक पाऊल पुढे, दुसरं मागे, अंग थोडं तिरकं. पहिल्या दिवसांत ‘ताइ नो हेन्को’ जवळजवळ प्रत्येक वर्गात येईल, आणि मला वाटतं, अख्खं आयकिडो त्यात आहे. उके समोरून तुमचं मनगट धरतो. तुम्ही पुढचं पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला टाकता आणि तिथेच वळून मागचा पाय घेता. आता दोघं शेजारी-शेजारी, एकाच दिशेला बघत उभे आहात. नवखा इथे धरलेलं मनगट ओढतो. ओढलं की उकेला विरोध करायला काहीतरी मिळतं आणि सगळं अडतं. मनगट आहे तिथे राहू द्या आणि स्वतः त्याच्याभोवती फिरा. खांदा वर चढला असेल तर तुम्ही ओढताय.

तंत्रांमध्ये पहिलं बहुधा इक्क्यो. एक हात उकेच्या मनगटावर, दुसरा कोपरावर. कोपर त्याच्याच चेहऱ्याच्या दिशेने गोल फिरवायचं आणि पाऊल पुढे टाकत खाली आणायचं. सगळा जीव कोपरात आहे. मनगटावर कितीही जोर लावा, उके सरळ होऊन उभा राहील; कोपर हललं की खांदा हलतो आणि खांद्याबरोबर कंबर. शेवटी उके पालथा, त्याचा हात अंगाशी काटकोनापेक्षा किंचित जास्त वर, आणि तुम्ही शेजारी गुडघ्यांवर.

बहुतेक तंत्रांच्या दोन आवृत्त्या असतात: ओमोते, म्हणजे उकेच्या समोरून जाणारी, आणि उरा, म्हणजे त्याच्या मागच्या बाजूने वळणारी. सेन्सेई दाखवतात तेव्हा नवख्याची नजर हातांकडे जाते. पहिल्या वेळी फक्त पावलं बघा. हात दुसऱ्यांदा. पावलं बरोबर पडली तर हात निम्मे आपोआप जागेवर येतात. नावं लगेच पाठ झाली नाहीत तरी बिघडत नाही; रोज ऐकून ती बसतात.

शस्त्रं, परीक्षा

‘जो’ ही साधारण १२८ सेंटिमीटरची काठी, ‘बोक्केन’ ही साधारण १०२ सेंटिमीटरची लाकडी तलवार. आधी शाळेची वापरा. शस्त्र हातात आलं की दोघांमधलं अंतर, म्हणजे माआइ, चटकन कळतं, कारण चूक झाली की टोक बोटांवर लागतं. म्हणून सावकाश करा, आणि वापरण्याआधी लाकडाला चीर गेली नाही ना ते हात फिरवून बघा.

परीक्षा ‘क्यू’च्या, म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या श्रेणींच्या, असतात, मोठ्या आकड्याकडून १ कडे उतरत जाणाऱ्या. त्यानंतर शोदान, म्हणजे पहिला काळा पट्टा. आयकिकाईच्या नियमांत पाचव्या क्यूसाठी किमान ३० दिवसांचा सराव लागतो आणि पहिल्या क्यूनंतर शोदानसाठी किमान ७० दिवसांचा. हे किमान आकडे आहेत. प्रत्यक्षात शोदानपर्यंत काही वर्षं जातात. हाकामा कधी घालायचा हे प्रत्येक शाळा आपापलं ठरवते. सेन्सेई सांगतील तेव्हा परीक्षेला बसा, स्वतःहून मागू नका. परीक्षेत तुमच्या उकेमीकडेही लक्ष असतं.

पहिले सहा महिने

आठवड्यातून दोन वर्ग धरा. एकात शरीर मागचं विसरतं, आणि सुरुवातीलाच चार केले तर मनगटं आणि गुडघे कुरकुरतात. सहा महिन्यांत रस्त्यावर स्वतःचा बचाव करता येईल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि तसं वचन देणाऱ्या शाळेवर विश्वास ठेवू नका. तोल सुधारलेला जाणवेल. ओल्या फरशीवर पाय घसरला तर हनुवटी आपोआप आत जाईल. माझ्या लेखी ही फार मोठी कमाई आहे.

स्नायू दुखणं वेगळं, सांधा दुखणं वेगळं. स्नायू दोन दिवसांत बरा होतो. सांध्यात टोचत असेल, सूज असेल, बोट किंवा मनगट पूर्ण वळत नसेल, तर मॅटवर जाऊ नका. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. बरे होईपर्यंत कडेला बसून वर्ग बघता येतो, आणि बघून खरंच बरंच कळतं.

मधे खंड पडला, महिनाभर किंवा वर्षभर, तरी परत जायला संकोच करू नका. सामुदायिक शाळेत माणसं अशीच येत-जात असतात. परत गेलात की जोडीदाराला सांगा, ‘बऱ्याच दिवसांनी आलोय, सावकाश करूया’, आणि त्या दिवशी कोलांट्या पुन्हा बसल्या जागेवरून सुरू करा.